देवघरातली उडालेली नक्षी

"मॅडम, तुमच्या फरश्या डुप्लिकेट निघाल्या."

रामेश्वरभाऊंनी फोनवर नमस्कार-चमत्कार काही केला नाही. यशोधरा बीडच्या आपल्या छोट्या ऑफिसात टाइलच्या नमुन्यांवरची धूळ पुसत होती. तिचा हात तसाच थांबला.

"डुप्लिकेट म्हणजे? काय झालं भाऊ?"

"नक्षी उडाली. देवघरातली फरशी पांढरीफटक पडलीय, अंगावर कोड उठावं तशी. पाव्हणे येतेत, बघतेत, हसतेत. तुमी या आन् डोळ्यांनी बघा. आन् नवी बसवून द्या."

फोन बंद झाला. काम बिघडतं, तडा जातो, रंग एकसारखा येत नाही, हे तिला नवं नव्हतं. पण नक्षी उडणं तिच्या डोक्यात बसेना. सिमेंटच्या फरशीची नक्षी वरून छापलेली नसते. लोखंडी साच्याच्या घरांमध्ये पातळ रंगीत सिमेंट हाताने ओततात, साचा उचलतात, वरून कोरडं सिमेंट पसरून दाबयंत्राखाली दाबतात आणि मग फरशी पाण्यात मुरवतात. भट्टीत घालत नाहीत. रंग फरशीच्या अंगातच असतो. तो उडायचा म्हणजे फरशीच झिजायला हवी, आणि चार महिन्यांत फरशी झिजवायला त्या घरात काय घोडे नाचले होते?

गेवराईच्या बाहेर, महामार्गापासून थोडं आत, रामेश्वरभाऊंचा नवा बंगला होता. त्यांच्या आजोबांनी सगळी उमर मेंढरांमागे काढली. वडिलांनी शेती केली, आणि भाऊंनी खडी क्रशर टाकला. पैसा आला तसा बंगला आला. भाऊंना सगळीकडे काचेसारखी चकचकीत फरशी हवी होती. त्यांची बायको ऋतुजा मात्र अडून बसली. ती संभाजीनगरला शिकलेली. पुण्याच्या एका हॉटेलात तिने जुन्या धाटणीची नक्षीदार फरशी बघितली होती आणि तिला तीच हवी होती. बीडमध्ये असलं काम करणारी एकच बाई, म्हणून तिने यशोधरेला शोधून काढलं.

यशोधरेने त्या घरात जीव ओतला होता. ओसरीला काळ्या-पांढऱ्या चौकटी आणि गेरूच्या रंगाची किनार. अंगणात राखाडी जमिनीवर निळी पाकळी, मुद्दाम खरबरीत ठेवलेली, पावसात पाय घसरू नये म्हणून. जेवणाच्या जागी टेबलाखाली अंथरलेला गालिचा वाटावा असं वेलीचं काम, भोवती साधी फरशी. आणि देवघरात आठ पाकळ्यांचं मोठं पिवळं फूल. चार फरश्या जुळल्या की एक फूल पुरं व्हायचं. हाताची फरशी एकीसारखी दुसरी नसते. एखादीचा पिवळा थोडा दाट, एखादीचा फिका. म्हणून देवघरात यशोधरा मिस्त्रीच्या आधी स्वतः जमिनीवर मांडी घालून बसायची, फरश्या कोरड्याच मांडून बघायची, फिरवायची, बदलायची. ती अशी दोन दिवस बसून होती. कमरेचा काटा ढिला झाला. पण फुलं अशी जुळली की मिस्त्री थापी खाली ठेवून नुसता बघत राहिला.

ऋतुजा रोज चहा घेऊन यायची. आधी मॅडम म्हणायची, मग यशोधराताई म्हणायला लागली. दुपारी डबा उघडू द्यायची नाही. "घरचं गरम जेवा ताई," म्हणून स्वतः ताट वाढायची. दोघी जेवणाच्या जागेत, नव्या फरशीवर चटई टाकून बसायच्या. एकदा तर ऋतुजाने यशोधरेच्या ताटातली शेंगदाण्याची चटणी बोटाने उचलून चाटली होती.

त्या घरात यशोधरेला एकाच माणसाची किळस यायची, आणि ती म्हणजे रामेश्वरभाऊंची आई, साखराबाई. म्हातारी दिवसभर ओसरीच्या पायरीवर बसून मिसरी लावायची. तोंड भरलं की पिचकन अंगणात थुंकायची, ते नेमकं निळ्या पाकळीवर. तपकिरी ओघळ, त्यात लाळेचे बुडबुडे, वर बसलेली माशी. यशोधरेने एकदा ऋतुजाला सांगितलं, तसं ऋतुजाने डोळे फिरवले.

"अडाणी आहेत हो त्या. मेंढरांत जन्म गेला. त्यांना काय कळणार? हे तुम्हा-आम्हा शिकलेल्यांनाच कळतं."

ते 'तुम्हा-आम्हा' यशोधरेला गोड लागलं होतं.

काम संपलं. मे महिन्यात वास्तुशांत झाली, तिचं आमंत्रण यशोधरेला आलं नाही. "अगदी घरातल्या घरात केली हो ताई," असं ऋतुजा नंतर फोनवर म्हणाली. पण तिने मोबाइलवर टाकलेल्या फोटोंमध्ये मांडव होता, आचारी होते आणि अर्धी गेवराई जेवायला होती. यशोधरेने मनाला लावून घेतलं नाही. लोक विसरतात, असं तिने स्वतःला समजावलं.

आता ती एसटीने गेवराईला निघाली होती आणि वाटभर डोक्यात एकच हिशेब चालू होता. सिमेंट कच्चं होतं का? वर लावलेला सीलरचा थर नीट बसला नाही का? की फरशीखालून ओल आली? बाहेर पावसाची रिपरिप होती. बंगल्याच्या फाटकातून आत शिरताच तिने आधी अंगण बघितलं. निळी पाकळी पाण्याने धुऊन निघाली होती आणि रंग तर पहिल्यापेक्षा गहिरा दिसत होता. एप्रिलचं ऊन खाऊन, पाऊस झेलून, म्हातारीची मिसरी पचवून अंगण धडधाकट होतं. मग घरातल्या, छपराखालच्या फरशीला काय धाड भरली?

साखराबाई पायरीवर होतीच. "आलीस का बाई," एवढंच म्हणाली आणि बाजूला थुंकली. यशोधरेने तोंड फिरवलं आणि आत गेली.

ती आधी देवघरात गेली. पिवळ्या फुलांच्या जागी पांढुरके, खवल्यासारखे चट्टे पडले होते. काही पाकळ्या निम्म्या खाल्ल्या गेल्या होत्या. कडेला रंग फसफसून वर आलेला आणि तसाच वाळून बसलेला. सांध्यांमध्ये पिवळट कडा धरल्या होत्या. ती गुडघ्यावर बसली आणि तिने बोट फिरवलं. फरशी चरचरीत लागली, मांजराच्या जिभेसारखी. नाक जवळ नेलं तर कुबट वास आला, गोठ्यात साचलेल्या मुताचा, आणि त्याच्याखाली दुसरा एक वास, नाकाला झोंबणारा. तो तिला ओळखीचा होता. बांधकाम उरकल्यावर संडासाची भांडी ज्याने घासतात, त्या ॲसिडचा.

"बघा," मागून रामेश्वरभाऊ म्हणाले. ते दारात कमरेवर हात ठेवून उभे होते. "ही तुमची क्वालिटी."

"भाऊ, इथं ॲसिड टाकलंय कुणीतरी. सिमेंटला ॲसिड म्हणजे विष. मी कामाच्या वेळी सांगितलं होतं, नुसतं पाणी आणि साधा साबण."

"ॲसिड कोण टाकंल देवघरात? काय बोलतेत मॅडम!"

यशोधरा उठली आणि जेवणाच्या जागेत आली. तिथेही चट्टा होता, पण गालिच्यावर सगळीकडे नाही. भिंतीकडच्या एका कोपऱ्यात, ताटाएवढ्या जागेपासून सुरू होऊन माणूस मांडी घालून बसेल एवढा. तिने स्वयंपाकघरात डोकावलं. तिथली फरशी जशीच्या तशी. झोपायच्या खोल्या जशाच्या तशा. ती परत फिरून ओसरीत आली. ओसरीतही एकच डाग, खांबाजवळ. कामाच्या दिवसांत त्याच खांबाला टेकून ती दुपारी पाय पसरून बसायची, मिस्त्रीशी बोलत.

देवघर. जेवणाची भिंतीकडची जागा. ओसरीचा खांब.

फरशीत काही खोट नव्हती, यशोधरा या घरात कुठे कुठे टेकली होती त्याचा नकाशाच कुणीतरी ॲसिडने काढून ठेवला होता.

तिची नजर आपसूक म्हातारीकडे गेली. दुसरं कोण असणार? ते तपकिरी दात, ते थुंकणं. यशोधरा तिच्यासमोर जाऊन उभी राहिली. आवाज कापत होता, रागाने की ओकारीने ते तिलाच कळत नव्हतं.

"आजी, फरशीवर ॲसिड तुम्ही टाकलं?"

साखराबाईने मान वर केली. "मी? मी कावून वतू बाई? मला काय गरज पडली?"

"मग कुणी टाकलं?"

"हिनं," म्हातारीने आत बोट दाखवलं. ऋतुजा हातात चहाचा ट्रे घेऊन दारात आली होती. "तुजी जयंतीची मिरवणूक का काय ती दिसली हिला मोबाइलात. निळा फेटा बांधून नाचत हुतीस म्हनं. तवापासून हिचं डोकं फिरलं. वास्तुशांतीच्या आधी गाईचं मूत आणलं, त्यात हळद कालिवली आन् तू बसलीस तिथं तिथं वतून रातभर ठिवलं. सकाळच्याला घरभर वास. फरशी पिवळी. पुसलं तरी जाईना. मग संडासातली बाटली आणली. फस्‌फस् फेस आला की नुसता! मी म्हनले, अगं जळंल ती. आयकती कुठं."

ऋतुजाचा चेहरा पांढरा पडला.

"आत्याबाई, काहीतरीच काय! ताई, त्यांचं वय झालंय. गैरसमज करून घेऊ नका. आपण असलं काही मानतो का? गुरुजींनीच सांगितलं होतं, नव्या वास्तूत शुद्धी करून घ्या. सगळ्याच घरात करतात."

"सगळ्या घरात?" यशोधरा म्हणाली. "मग स्वयंपाकघरात का नाही केलीस?"

"तिकडं तुम्ही बसलाच नव्हतात ना," ऋतुजा बोलून गेली.

ऋतुजाने ओठ दाताखाली धरला. मागोमाग आलेले रामेश्वरभाऊ बायकोकडे बघत राहिले. यशोधरेला वाटलं, आता हा माणूस काहीतरी बोलेल. शरमेने नाही तर निदान लोकलाजेने तरी.

"येडे," भाऊ बायकोवर खेकसले, "अगं फिनेल टाकायचं का न्हाई! ॲसिड कावून?"

यशोधरेला हसू आलं, आणि ते हसू तोंडातल्या तोंडात आंबून गेलं.

"ताट बी टाकलं हिनं," म्हातारी आपली सांगतच होती. तिच्या बोलण्यात दया नव्हती, की टोमणाही नव्हता. कुणाच्या मेंढीला काय झालं हे सांगावं तसं ती सांगत होती. "नवंकोरं स्टीलचं ताट. तू जेवायचीस ते. उकिरड्यावर फेकलं. मी आणलं उचलून. कोंबड्यांला दाणं घालती त्यात." तिने अंगणाच्या कडेला बोट केलं. तिथे ते ताट होतं. दोन कोंबड्या त्यात उभ्या होत्या आणि तिसरीने काठावर घाण केली होती.

त्याच ताटातली चटणी ऋतुजाने बोटाने चाटली होती. यशोधरेला ते बोट आठवलं. नंतर तिने ते कशाने धुतलं असेल? हळदीने? मुताने? घरात जाऊन बोट घशात घालून ओकली असेल का ही?

"ताई, बसा ना," ऋतुजा पुढे आली. डोळ्यांत पाणी होतं, आणि ते पाणी बघून यशोधरेला जास्तच शिसारी आली. "चहा घ्या. बघा, आपल्या चांगल्या कपात आणलाय. मी तुम्हाला बहिणीसारखी मानते."

"झालं ते झालं," रामेश्वरभाऊही नरमले. "तुमी मोठ्या मनाच्या. एवढी तीन ठिकाणची फरशी बदलून द्या, विषय संपला. बाहेर बोलायची गरज न्हाई कुणाला."

यशोधरेने कपाकडे बघितलं. सोनेरी काठाचा कप, वर सायीचा पातळ पापुद्रा. ती प्यायली असती तर तो कपही कोंबड्यांकडे गेला असता. तिने कप घेतला नाही. ती वळली आणि सरळ स्वयंपाकघरात गेली.

"ताई?"

यशोधरा स्वयंपाकघरात मधोमध जमिनीवर बसली. चांगली मांडी घालून. दोन्ही हातांचे पंजे फरशीवर टेकवले. मग उठली आणि ओट्यावरून हात फिरवला, पाण्याच्या माठावर ठेवला, पिठाच्या डब्यावर ठेवला. तिथून झोपायच्या खोलीत गेली आणि पलंगावर बसली. दुसऱ्या खोलीत गेली आणि तिथे जमिनीवर बसली. दिवाणखान्यातल्या झोपाळ्यावर बसून पायाने एक झोका घेतला. रामेश्वरभाऊ मागे मागे फिरत होते.

"मॅडम, ह्ये काय चाललंय? अहो मॅडम!"

"इथंही बसले," यशोधरा म्हणत होती. "इथंही. हेही लिहून ठेवा. आणा ॲसिड. किती बाटल्या लागतील बघा. फरशी माझ्याच हातची आहे भाऊ, घरातला एकेक तुकडा मी उचलून बघितलाय. कुठं कुठं धुणार?"

ऋतुजा भिंतीला टेकून हुंदके देत होती. ओसरीतून म्हातारीचा खोकल्यासारखा आवाज आला. ती हसत होती की मिसरी घशात गेली होती, कुणास ठाऊक. यशोधरेने चपला घातल्या आणि पावसातच बाहेर पडली.

एसटीत खिडकीशी बसल्यावर तिला वाटलं होतं, हलकं वाटेल. नाही वाटलं. हाताला तो वास लागला होता, मुताचा आणि ॲसिडचा. तिने खिडकीबाहेर हात काढून पावसात धरला, साडीला पुसला, पुन्हा नाकाशी नेला. वास होताच. शेजारच्या बाईने विचारलं, "गाडी लागती का?" यशोधरेने मान हलवली आणि खरंच गढी गावाच्या पुढे गाडी थांबली तेव्हा खाली उतरून ती ओकली.

घरी आल्यावर तिने नवऱ्याला सगळं सांगितलं. प्रवीण बँकेतून नुकताच आला होता. तो शर्टाच्या बाह्या दुमडत ऐकत राहिला. ती घरभर बसत फिरली हे सांगितलं तेव्हा त्याने मांडीवर थाप मारली.

"बरं केलंस! चांगली जिरवलीस."

"बरं नाही केलं," यशोधरा म्हणाली.

"का? चुकलं काय त्यात?"

"शेणाचा पो फेकून मारावा तसं मी माझं अंग वापरलं, प्रवीण. त्यांच्या पिठाच्या डब्याला हात लावताना माझ्या मनात काय होतं, माहितीये? आता हे बाटलं. मी. मी म्हणाले मनात, आता हे बाटलं." तिने बेसिनचा नळ सोडला आणि परत हात घासायला लागली. "त्यांची घाण माझ्या डोक्यात कधी शिरली, मला कळलंसुद्धा नाही."

प्रवीणने पुढे येऊन नळ बंद केला. तिच्या हाताची कातडी लाल झाली होती.

रामेश्वरभाऊंनी परत फोन केला नाही. फरशी खराब निघाली अशी बोंब ते मारणार होते, पण मारली नाही. बोंब मारली असती तर कशाने खराब झाली तेही सांगावं लागलं असतं. तक्रार कर, कायदा आहे, असं प्रवीण चार-पाच वेळा म्हणाला. यशोधरा एकदा एका वकिलाकडे जाऊनही आली. वकील म्हणाला, साक्षीदार कोण? म्हातारी? ती कोर्टात सुनेविरुद्ध उभी राहील? यशोधरेला त्या पायरीवरची साखराबाई डोळ्यांसमोर आली, आणि उभी राहील की नाही हे तिला खरंच सांगता येईना. विचारायला जायचं म्हणजे पुन्हा त्या फाटकातून आत जायचं. तिचा पाय उचलला नाही.

ऋतुजाचा मात्र लांबलचक संदेश आला. 'ताई, मनात काही ठेवू नका. सासरच्या माणसांसाठी काही गोष्टी कराव्या लागतात. तुम्ही समजून घ्याल. आम्ही जातपात मानत नाही.' खाली जोडलेले हात, फुलं आणि लाल बदाम. यशोधरेने तो पुरा वाचला आणि तिला तोंडात कुणीतरी दुसऱ्याने चघळलेलं कोंबल्यासारखं झालं. तिने उत्तर दिलं नाही.

दिवाळीच्या सुमाराला ऋतुजाने घराचा व्हिडिओ टाकला. मागे सनई लावली होती. देवघरात आता चकचकीत, संगमरवरासारखी फरशी होती. जेवणाच्या जागी कोपऱ्यावर मोठी कुंडी ठेवली होती आणि ओसरीच्या खांबाजवळ पितळी समई. बाकी सगळी यशोधरेची नक्षी होती, अंगणाची निळी पाकळी तर कॅमेऱ्याने डोळे भरून दाखवली होती. खाली ऋतुजाने यशोधरेचं नाव घालून लिहिलं होतं, 'आमच्या लाडक्या ताईंची कमाल!' शेकडो लोकांनी वा वा केली.

त्या व्हिडिओवरून कामं आली. यशोधरेला ती घ्यावीशी वाटली नाहीत, आणि घेतलीही. माजलगावच्या एका बाईने बोलावलं. नवं घर, मोठं अंगण, आणि तिला 'गेवराईसारखीच' निळी पाकळी हवी होती. यशोधरा नमुन्यांची पेटी घेऊन गेली. घर साधं होतं. बाई हसतमुख होती, पदराला पीठ लागलेलं.

"बसा ना ताई," बाई चटई पसरत म्हणाली. "खालीच मांडून बघू, म्हंजी कळंल."

यशोधरेने खाली बघितलं. साधी शहाबादी फरशी होती, नुकतीच पुसलेली. ती बसली नाही.

"उभीच बरी आहे," ती म्हणाली. "गुडघे दुखतात माझे."

बाईने लगबगीने आतून प्लॅस्टिकची खुर्ची आणली, पदराने पुसली आणि पुढे ठेवली. यशोधरेचे गुडघे ठणठणीत होते. ती खुर्चीच्या पुढच्या कडेवर टेकली, पाय जवळ ओढून घेतले आणि पेटीतली पहिली फरशी काढून बाईच्या हातात दिली.

"ही पाण्याने पुसायची," तिने सांगायला सुरुवात केली. "साध्या पाण्याने. दुसरं काही टाकायचं नाही."